पंचांच्या बाकावरचं पेपरमिंट

एल्सवर्ड, सोमवार, ७ ऑक्टोबर २०१३
(चर्चच्या ओसरीतल्या फळ्यावर लावण्यासाठी)

एल्सवर्डच्या मंडळीतल्या भावांनो आणि बहिणींनो,

काल सकाळी तुम्ही वाऱ्यापावसातून सायकली हाणत आलात, ओले कोट खुंट्यांना अडकवलेत, स्तोत्र म्हटलंत आणि ऐकायला बसलात. उपदेश सुरू होऊन आठ मिनिटंही झाली नव्हती, आणि तुमची पाळक वाक्य अर्ध्यावर टाकून व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली, मधल्या वाटेने झगा सावरत चालत गेली आणि दाराबाहेर पडली. दारसुद्धा तिने लावलं नाही. तुम्ही बराच वेळ तसेच बसून होता, असं मला नंतर कळलं.

तुमची तक्रार रास्त आहे. ती एकट्या कालची नाही, हेही मला ठाऊक आहे. उपासनेनंतरच्या कॉफीला मी थांबत नाही. तुमच्या घरी आले तर बिस्किटाचा डबा उघडायच्या आत उठते. सत्तरीच्या वाढदिवसाला सगळे खुर्च्यांचं कडं करून केक घेऊन बसलेले असतात, आणि पाळकबाई शुभेच्छा देऊन पाचव्या मिनिटाला सायकलवर. गर्विष्ठ आहे, असं तुम्ही म्हणता. मी ऐकलं आहे. माझे कान चांगले आहेत.

आपल्या माणसांजवळ टिकून राहावं, हे मीच नऊ वर्षं तुम्हाला सांगत आले. काल मीच टिकले नाही. कारण विचाराल तर प्रकृती. एवढंच आज सांगता येईल. महिनाभर मी बेटावर जात आहे. मी परत यावं की नाही, हे तुम्ही दहा नोव्हेंबरच्या सभेत मत देऊन ठरवाल, असं पंचमंडळाने कळवलं आहे. तो तुमचा हक्क आहे.

गेसीना नाइहॉफ


एल्सवर्ड, ११ ऑक्टोबर

पाळकबाई,

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. कालव्यावरच्या, बोटींसाठी उघडणाऱ्या पुलावर बत्तीस वर्षं नोंदवही लिहिली: बोटीचं नाव, वेळ, वारा. तेवढंच लिहिता येतं. म्हणून वेळेपासून सुरू करतो.

रविवारी दहा वाजून सदतीस मिनिटांनी तुम्ही थांबलात. येशूच्या शेवटच्या रात्री बागेत झोपी गेलेल्या शिष्यांवर बोलत होतात. तुम्ही म्हणालात, "मरणाऱ्या माणसाजवळ ज्यांना एक तास बसवत नाही, अशी माणसं," आणि वाकून खाली पंचांच्या बाकाकडे बघितलंत. बाकावर आम्ही तिघं. होविंगकडे नाही बघितलंत, म्हाताऱ्या बोल्टकडे नाही. माझ्याकडे. मोजून चार सेकंद. मग म्हणालात, "पुरे. आता पुरे." आणि गेलात.

बेकरीत सध्या तीन मतं आहेत. होविंगची बायको म्हणते, हृदय. पोस्टवाला म्हणतो, कोणीतरी पुरुष. तिसरं मत काय आहे मला माहीत नाही, कारण मी आत शिरलो की सगळे पावाच्या किमतीवर बोलायला लागतात.

मी आडवळणाने विचारणार नाही. माझी बायको यांतीना गेली तेव्हा मी खोलीत नव्हतो, हे माझ्या मुलीखेरीज जिवंत माणसांत कुणालाही ठाऊक नाही. तुम्ही तिचं अंत्यविधीचं भाषण केलंत, तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं. "पन्नास वर्षांची साथ" म्हणाला होतात. रूलीन माझ्याशी वीस महिने बोलत नाही. तिने तुम्हाला सांगितलं का? कधी? आणि सांगितलं असेल, तर दोनशे माणसांसमोर तसं बघायच्या आधी माझ्या दारात यायला काय झालं होतं? घर पुलाच्या शेजारीच आहे.

एल्झो टिमर


बेट, कुटी क्रमांक १४, १५ ऑक्टोबर
(हे पाकिटात घातलं नाही)

टिमर,

मला तुमचं काहीही माहीत नाही. रूलीन मला भेटलेली नाही. तुम्ही पेपरमिंट फोडलंत, एवढंच झालं.

हसा. मग पुढचं वाचा.

नऊ वर्षं दर रविवारी मी उपदेशाचं पहिलं वाक्य उच्चारते, आणि त्याच क्षणी दोनशे माणसांचे हात खिशात जातात. कागद कुरकुरतात. गोळ्यांची नळी बाकावरून बाकावर सरकते, आजी नातवंडाच्या तळहातावर एक ठेवते, नवरा बायकोपुढे धरतो. तुमच्या आजोबांनी केलं, तुम्ही करता. उपदेश आणि पेपरमिंट, एकाशिवाय दुसरं नाही. मग तोंडं मिटतात आणि चोखणं सुरू होतं. गोळी दातावर आपटते. तुम्ही त्याला शांतता म्हणता. मला ती तोंडं एकेक करून ऐकू येतात. चौथ्या रांगेतली बाई जीभ कुठे फिरवते हे मी डोळे मिटून सांगू शकते. अंगात राग चढतो. चीड नव्हे, राग, जसा कोणी माझ्यावर हात टाकल्यावर यावा.

म्हणून मी आवाज चढवते. तुम्ही घरी जाताना म्हणता, आमच्या पाळकबाई किती पेटून बोलतात. पेटून कुठलं? मी तुमच्या तोंडांवरून ओरडत असते.

पण बाकीचे चोखतात. तुम्ही फोडता. आठव्या मिनिटाच्या आसपास, दाढेखाली, माझ्यापासून दोन हातांवर. पंचांचं बाक व्यासपीठाला चिकटून का ठेवलं असेल, देव जाणे. त्या रविवारी मला ते आधीपासून ऐकू येत होतं. म्हणजे ते व्हायच्या आधी. मी बोलत होते आणि वाट बघत होते. ते झालं, आणि माझ्या हातातलं जाड पुस्तक तुमच्या जबड्यावर मारावं असं मला वाटलं. अलंकार म्हणून लिहीत नाही. हात उचलला गेला होता. म्हणून म्हणाले, पुरे. स्वतःला म्हणाले.

मला तुम्ही आवडता, टिमर. त्याने काही फरक पडत नाही, उलट बिघडतं. माणूस जितकं जवळचं, तितका त्याचा आवाज जास्त लागतो. सतराव्या वर्षी घर सोडलं ते वडिलांच्या सूपमुळे. लग्न मोडलं ते सफरचंदामुळे. वकिलाला "स्वभाव जुळत नाहीत" असं सांगितलं, कारण सफरचंद असं कोण लिहून घेईल?

आणि ज्या बाईने तासभर जागं राहण्यावर उपदेश मांडला, ती एका गोळीपुढे हरली, हे कोण वाचेल आणि हसणार नाही? नाही. हे जात नाही.


बेट, १५ ऑक्टोबर

प्रिय टिमर,

तुमचं पत्र मिळालं. मला कोणी काय सांगितलं, याला आता महत्त्व नाही. मनावर काही असेल तर ते तुमच्या शब्दांत लिहा. मी वाचेन, आणि माझ्यापाशीच राहील.

इथे वारा फार आहे. मी कुटी बदलली. शेजारचा माणूस पायरीवर बसून दिवसभर काही ना काही खात असे. आता अठरा नंबरमध्ये आहे.

गेसीना नाइहॉफ


एल्सवर्ड, २२ ऑक्टोबर

पाळकबाई,

माझ्या शब्दांत लिहा म्हणालात. चार संध्याकाळी लागल्या.

पुलावरच्या केबिनपासून आमचं घर एकतीस पावलं. दुपारी बारा ते एक पूल बंद असायचा, जेवणासाठी. बोटी थांबायच्या. बत्तीस वर्षं मी ते जेवण केबिनमध्ये केलं. यांतीना झाकणाच्या भांड्यात बटाटे, भाजी आणि मटणाचा रस्सा घालून आणायची, टेबलावर ठेवायची आणि परत जायची. लोक म्हणायचे, एल्झो कामाला काय पक्का आहे, पूल सोडून हलत नाही. मी त्यांना म्हणू दिलं. तिलाही.

कारण सांगतो. गिळताना तिच्या घशात एक आवाज व्हायचा. छोटा. तुम्हाला तो ऐकूही आला नसता. मला भिंतीपलीकडून यायचा. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात पहिल्यांदा ऐकला, आणि त्यानंतर दुसरं काही ऐकू येईना. टेबलाखाली माझ्या मुठी वळायच्या. मी तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोललो नाही, विचारा कुणालाही. त्या एका आवाजाखेरीज तिचं सगळं मला आवडायचं. पण माणूस दिवसातून तीनदा जेवतं. असा राग ज्याला येतो त्याच्यात काहीतरी सडकं असणार, असं मी धरून चाललो. निवृत्त झालो तेव्हा शेडमध्ये एक टेबल ठेवलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, शेवटच्या दोन दिवसांत, तिच्या श्वासात पाणी आलं. आवाज थांबेना. डॉक्टर म्हणाले, आता तासाभराचा प्रश्न आहे. रूलीन पलंगाच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. मी अकरा मिनिटं बसलो. मग शेडमध्ये गेलो, ड्रिल लावलं आणि एका फळीला भोकं पाडायला लागलो. कसलं काम नव्हतं. आवाज हवा होता. रूलीन दारात आली तेव्हा फळीला एकवीस भोकं होती. ती म्हणाली, "आई गेली. तुमचं चालू द्या."

चर्चमध्येही माझं तेच. डावीकडे होविंग बसतो. गोळी या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात, तुमचा आमेन होईपर्यंत. म्हणून मी माझी फोडतो. स्वतःच्या दातांचा आवाज डोक्यात भरला की थोडा वेळ होविंग नाहीसा होतो. हे पापात बसतं का माहीत नाही. लिहायचं म्हणून लिहिलं.

गेल्या मंगळवारी पंचमंडळ बसलं. तुमच्यावर बरंच बोलणं झालं. बोल्ट म्हणाला, बाईंना आता झेपत नाही, तरुण माणूस आणू. मग मी उभा राहिलो. म्हणालो, त्यांनी माझ्याकडे बघितलं ते बरोबर बघितलं. का, ते माझं माझ्यापाशी. होविंगच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या मुलाच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. तो म्हणाला, म्हणजे आपल्या बाईंना माणसाच्या आतलं दिसतं, अशी पाळक आजूबाजूच्या कुठल्या गावाला आहे? आता सगळे तसंच बोलताहेत. दहा तारखेची काळजी करू नका. मतं तुमचीच.

रविवारी चर्चमध्ये मी पंचांचं बाक सोडून शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. कोणी सांगितलं नव्हतं.

एल्झो टिमर


बेट, २५ ऑक्टोबर

टिमर,

सोबत दहा दिवसांपूर्वीचं एक पत्र आहे. तेव्हा पाठवायला हवं होतं ते हे. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? तर मग. मला तुमच्या आतलं काही दिसलं नव्हतं. मला माणसाच्या आतलं काहीही दिसत नाही, फक्त त्याच्या तोंडातलं ऐकू येतं. तुम्ही मला आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट दिलीत, कारण ती मला आधीच ठाऊक आहे असं तुम्हाला वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. मला भीती होती. पेपरमिंटसाठी पळालेली बाई होण्यापेक्षा नजरेने माणूस ओळखणारी बाई होणं बरं वाटलं. ही माझी चोरी आहे. तिला दुसरं नाव नाही.

पण तुमचं पत्र वाचताना होविंगच्या गालापाशी आले आणि मी उभी राहिले. तुम्ही फोडता ते होविंगला बुडवण्यासाठी, आणि त्या फोडण्याला बुडवण्यासाठी मी ओरडते. नऊ वर्षं आपण दोघं दोन हातांच्या अंतरावर एकाच गोष्टीपासून पळत होतो, आणि एकमेकांना जखम करत होतो. मी बाहेर गेले आणि समुद्राच्या ओहोटीतल्या चिखलाच्या काठाने चालत राहिले. पाणी चढायला लागलं तेव्हा मागे फिरले. अजून एका जागी बसवत नाही. हे लिहितानासुद्धा तीनदा उठले.

एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी. याला नाव आहे. मिसोफोनिया म्हणतात. जुलैमध्ये मी सुट्टी म्हणून सांगितलं आणि ॲमस्टरडॅमला एका डॉक्टरबाईंकडे गेले. आयुष्यभर लोकांनी मला विचारलं, तुला एवढा राग का येतो. त्या बाईंनी विचारलं, "कुठला आवाज?" मी तिथे बसून रडले. त्यांच्याकडे माझ्यासारखी माणसं रांग लावून येतात, शिक्षक, ट्रकवाले, आया. बहुतेकांना तुमच्यासारखंच वाटत असतं, की आपल्यात काहीतरी सडकं आहे. सडकं काही नाही, टिमर. यांतीनावरचा तुमचा राग तिच्यावर नव्हताच.

उशीर केला. क्षमा मागते.

गेसीना


एल्सवर्ड, २९ ऑक्टोबर

पाळकबाई,

एका गोळीसाठी.

मी माझ्या बायकोचं मरण चार संध्याकाळी बसून कागदावर उतरवलं, आणि तुम्हाला ते नको होतं. मागितलं नव्हतं. तरी घेतलंत. पंधरा तारखेला तुमच्या टेबलावर दोन कागद होते, आणि तुम्ही कुठला पाकिटात घालायचा ते निवडलंत. मी कधी बंद पूल उघडा आहे असं सांगून बोट आत घेतली नाही.

नावाचं म्हणाल तर छान आहे. यांतीनाला त्याचा आता काय उपयोग? तिच्या दगडावर कोरू?

आणि पुढचं ऐका. गाव आता तुम्हाला द्रष्टी समजतं. होविंगची बायको तर तुमच्यासमोर यायचं असेल तर आधी मन साफ करून यावं लागेल असं सांगत सुटली आहे, तिचं साफ व्हायला बराच वेळ लागेल. तुम्ही दहा तारखेला गप्प राहिलात तर तुमची जागा पक्की, आणि मी मरेपर्यंत तुम्ही पकडलेला पापी. बोललात तर गाव हसेल, आणि बोल्ट तरुण माणूस आणेल. बघा काय जमतं ते. तुम्ही टिकून राहण्यावर चांगलं बोलता.

माझं पत्र परत पाठवा.

ए. टिमर


बेट, ३१ ऑक्टोबर

टिमर,

पत्र सोबत आहे. नक्कल ठेवलेली नाही.

तुमचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. मी बोलणार आहे. पुढच्या आठवड्यात फळ्यावर लागेल, सभेच्या आधी, म्हणजे मत देणाऱ्याला कशाला मत देतोय ते कळेल. तुमचं नाव त्यात येणार नाही, तुमची गोष्टही नाही. मी कुणाचं पाप पाहिलं नाही, एवढं मात्र स्पष्ट लिहीन. तेवढ्याने तुमच्यावरची नजर निघेल. माझी जागा गेली तर जाईल.

यांतीनाला नावाचा उपयोग नाही, खरं आहे. पण तुमची मुलगी आसन शहरात राहते, आणि तिला वाटतं तुम्ही तिच्या आईला टाकून गेलात. तुम्ही कशापासून पळालात हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. माझं पंधरा तारखेचं पत्र तुमच्याकडे आहे. ते तिला दाखवायला माझी हरकत नाही. पुस्तक उचलल्याचंसुद्धा.

गेसीना नाइहॉफ


एल्सवर्ड, ४ नोव्हेंबर

पाळकबाई,

शुक्रवारी तुमचं पंधरा तारखेचं आणि माझं परत आलेलं, दोन्ही पत्रं एका पाकिटात घालून रूलीनला पाठवली. वर एक ओळ लिहिली: "हे मी आहे." पोस्टवाल्याने पत्ता वाचला आणि भुवया वर केल्या. संध्याकाळपर्यंत बेकरीत चौथं मत तयार झालं असणार.

काल, रविवारी, सव्वादोनला तिची गाडी आली. तिने कोट काढला नाही. स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "आईने दोनदा दात बदलले. माहीत होतं तुम्हाला?"

मी म्हणालो, दुखत होते म्हणून.

"दुखत नव्हते. तिला वाटायचं तुम्हाला तिची किळस येते. दंतवैद्याला म्हणायची, काहीतरी बसवा, माझा नवरा घरी जेवत नाही."

पाळकबाई, हे मला माहीत नव्हतं. मी रूलीनला तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं नाहीत, तिने विचारलं नाही. एकतीस पावलं होती, बाबा."

तिने मला माफ केलं असं लिहिणार नाही. तिने तसं म्हटलेलं नाही. पण कोट काढला. कॉफी केली. डबा उघडला, एक बिस्किट घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवलं. मी म्हणालो, खा. ती म्हणाली, नको. मी म्हणालो, खा गं, आणि उठून रेडिओ लावला, मोठा, कुठलातरी ब्रास बँड चालू होता. तिने खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मी तिच्यासमोर बसून होतो आणि माझे हात टेबलावर होते. एवढं सोपं होतं. पन्नास वर्षं यांतीनाबरोबर मला एक रेडिओ लावायला सुचलं नाही, कारण रेडिओ का लावला हे सांगावं लागलं असतं.

तुमच्यावरचा राग अजून आहे. तो राहील काही दिवस. पण आज सकाळी एक विचार आला तो लिहितो. उपदेशाच्या आधी स्तोत्र असतं. पाच कडवी. आपला ऑर्गन असा आहे की तो वाजत असताना शेजारी कोणी फळीला भोकं पाडली तरी कळणार नाही. बघा काही करता येतं का.

आणि माझं नाव घाला. बाकाचं आणि होविंगचंही घाला. शेडचं नको. ते आता रूलीनचं आणि माझं.

एल्झो टिमर


बेट, ६ नोव्हेंबर २०१३
(चर्चच्या ओसरीतल्या फळ्यावर, आधीचा कागद काढून त्याच जागी)

एल्सवर्डच्या माणसांनो,

महिन्यापूर्वी मी तुम्हाला लिहिलं की कारण प्रकृती आहे. ते अर्धं खरं होतं, म्हणजे खोटं होतं. त्यानंतर तुम्ही मिळून एक दुसरी गोष्ट रचलीत, की मला माणसाच्या आतलं दिसतं. ती मला कळली आणि मी ती तशीच राहू दिली, कारण ती माझ्या सोयीची होती. आज दोन्ही मोडते.

मी एल्झो टिमरचं कुठलंही पाप पाहिलं नाही. त्याने दाढेखाली पेपरमिंट फोडलं, आणि त्या आवाजाने मला तिथे उभं राहवेना. बस. हसून घ्या. आत्ता, फळ्यासमोर उभे आहात तोवर. मी थांबते.

मला एक आजार आहे. तोंडाचे आवाज, चोखणं, चावणं, गिळणं, घोट, हे तुम्हाला जसे ऐकू येतात तसे मला येत नाहीत. मला ते अंगावर धावून आल्यासारखे वाटतात. आवड नावड नव्हे. शिस्तीने जात नाही, प्रार्थनेने गेलं नाही, मी चाळीस वर्षं दोन्ही करून पाहिलं. म्हणून मी तुमच्या कॉफीला थांबत नाही, म्हणून वाढदिवसाला पळते. गर्व असता तर बरं झालं असतं, तो निदान सोडता येतो.

आणि ऐका, एल्झो फोडत होता, कारण त्यालाही हेच आहे. शेजारचं चोखणं त्याला सहन होत नाही, म्हणून तो स्वतःच्या दातांचा आवाज करतो. हे लिहायची त्याने परवानगी दिली आहे. त्याच्या शेजारी कोण बसतं तेही लिहा म्हणाला. ते तुम्हाला माहीतच आहे, आणि होविंग, यात तुमचा काहीही दोष नाही. तुम्ही फक्त तोंड असलेला माणूस आहात.

मी व्यासपीठावरून तुम्हाला नऊ वर्षं माणसाजवळ बसायला सांगितलं. बसवत का नाही, हे एकदाही विचारलं नाही. तो माझा सगळ्यात मोठा नापास उपदेश. तुमच्यातही कोणीतरी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जात असेल, गाडीत बसून डबा खात असेल, आईच्या टेबलावरून उठून दार आपटत असेल. तुम्ही त्याला तुसडा म्हणता. तो स्वतःला त्याहून वाईट काही म्हणतो. आणि दोघंही गप्प बसता, वर्षं जातात, कोणीतरी मरतं. या गप्प बसण्यात मी सामील होते. आता नाही.

दहा तारखेला तुम्ही मत द्या. मला ठेवा किंवा नका ठेवू. बोल्ट म्हणतात ते चूक नाही, तरुण माणूस कदाचित कॉफीला थांबेल. पण महिन्यापूर्वी अर्ध्यावर टाकलेला उपदेश अजून माझ्याकडे आहे, आणि तो मी पळून न जाता पूर्ण करणार आहे. त्यासाठी मला तुमच्याकडून दया नको, औषध नको, कुजबुज तर मुळीच नको. पेपरमिंटही तुमच्याकडून काढून घेत नाही. तुमच्या आजीने ते तुमच्या तळहातावर ठेवलं होतं, ते काढून घेणारी मी कोण?

एक गोष्ट करा. येत्या रविवारी उपदेशाआधी स्तोत्र सुरू झालं, ऑर्गनने सगळं चर्च भरलं, की पेपरमिंट तोंडात टाका, खुशाल कडाकडा फोडा, आणि पाचव्या कडव्याची शेवटची ओळ संपायच्या आत ते गिळून मोकळे व्हा.

गेसीना नाइहॉफ